बिन आणि कोम
सिद्धगडाच्या परिसरात वंशावळ शोधताना

महाराष्ट्रातली सर्वांत जुनी लिखित कुटुंबनोंद कुठे आहे, असे कुणी विचारले तर मी नाणेघाटाकडे बोट दाखवीन. मुरबाडहून वैशाखरे मागे टाकून जुन्नरकडे चढणाऱ्या त्या घाटाच्या माथ्याजवळ सातवाहनांचे लेणे आहे. लेण्यात राजकुटुंबाचे पुतळे होते. आता त्यांच्या पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. पण वर ब्राह्मी लिपीत कोरलेली नावे अजून वाचता येतात. सिमुक सातवाहन, सातकर्णी, राणी नागनिका, राजकुमार आणि महारठी त्रणकयिर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या नोंदीत राणी स्वतःच्या नावाने उभी आहे आणि तिच्या माहेरचा मानला जाणारा महारठीही त्याच रांगेत आहे. लेण्यातला मोठा लेख तर तिच्याच नावाने ओळखला जातो.

त्याच मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याच्या मुलुखात आमचे घराणे कित्येक पिढ्या शेती करत आले. आम्ही कुणबी. शेजारच्या पाड्यांवर महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी. या घराण्याची वंशावळ लिहायला मी बसलो तेव्हा पुरुषांच्या पाच पिढ्या कागदावर मिळाल्या आणि स्त्रियांची एकच पूर्ण पिढी. दोन हजार वर्षांपूर्वी घाटमाथ्यावर राणीला जे मिळाले ते घाटाखालच्या कुणबिणीला विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मिळाले नाही. हे का झाले, हा या लेखाचा विषय. त्यासाठी थोडे गोव्यात, वसईत आणि थेट मेक्सिकोपर्यंत जाऊन यावे लागेल.

चर्चची वही

घराण्याचा शोध घेणाऱ्या जगातल्या माणसांत स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषेतल्या नोंदी वाचणाऱ्यांचा वर्ग फार मोठा आहे, आणि त्याला कारण आहे. 1563 साली ट्रेंट येथील कॅथलिक धर्मपरिषदेने प्रत्येक धर्मगुरूला विवाहांची वही ठेवणे सक्तीचे केले. बाप्तिस्म्याच्या वहीत मुलाच्या धर्ममाता-धर्मपित्यांची नावे लिहिण्याचाही दंडक घातला. 1614 च्या रोमन विधिग्रंथाने या वह्यांचे नमुनेच ठरवून दिले. हेतू वंशावळीचा नव्हताच. जवळच्या नात्यात लग्न होऊ नये, हा होता. धर्मपित्याचे नातेसुद्धा सोयरिकीला आड येई, म्हणून तेही लिहायचे. आपल्याकडे देवक एक निघाले की सोयरीक मोडते. तेच काम तिथे वही करत होती. आपली वही तोंडी होती, एवढाच फरक.

या वह्यांतली उत्तरकालीन बाप्तिस्म्याची नोंद भरलेली असेल तर ती वाचताना आपल्यासारख्याला हेवा वाटतो. मूल कुठल्या दिवशी जन्मले, कुठल्या दिवशी बाप्तिस्मा झाला, आईबाप कोण, ते कुठले, वडिलांकडचे आजी-आजोबा कोण, आईकडचे कोण, धर्ममाता-धर्मपिता कोण, हे सगळे एका परिच्छेदात येते. स्पॅनिश रीतीत माणसाला दोन आडनावे, पहिले बापाचे आणि दुसरे आईचे. लग्नानंतर बाईचे आडनाव कायद्याने बदलत नाही. पोर्तुगीज रीतीत क्रम उलटा, आईचे आधी आणि बापाचे शेवटी. क्रम कोणताही असो, आईच्या माहेरचा धागा मुलाच्या नावातच गुंफलेला राहतो. पुढच्या काळात राज्यसंस्थेने हेच काम चर्चकडून आपल्याकडे घेतले. मेक्सिकोत बेनितो हुआरेझच्या सरकारने 1859 मध्ये नागरी नोंदणीचा कायदा केला. स्पेनमध्ये 1870 चा कायदा 1871 पासून अमलात आला.

ही वही आपल्या किनाऱ्यावरही पोहोचली. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसईचा मुलूख पोर्तुगीजांना दिला आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. मधल्या दोनशे वर्षांत वसई, साष्टी आणि ठाणे या पट्ट्यात चर्चची व्यवस्था रुजली. बाप्तिस्मा घेणाऱ्या मराठीभाषक शेतकऱ्याला आणि कोळ्याला धर्मपित्याचे नाहीतर पाद्रीचे आडनाव मिळाले. घरात वाडवळी किंवा सामवेदी बोलणारा माणूस वहीत परेरा किंवा लोपीस झाला. आजही त्या भागातल्या ख्रिस्ती घराण्याला आपला शोध घ्यायचा असेल तर पहिला रस्ता पॅरिशच्या वहीकडे जातो.

गोव्यात हा रस्ता अधिक रुंद आहे, कारण तिथे तो हिंदूंसाठीही आहे. 1910 साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले, 1911 मध्ये नागरी नोंदणीचा कायदा झाला आणि त्याच धर्तीवर पुढे गोव्यातही सर्वधर्मीयांच्या जन्म-मृत्यू-विवाहाच्या नोंदी पोर्तुगीज भाषेत होऊ लागल्या. त्या वाचायला बसलेल्या मराठी माणसाला आधी आपलीच आडनावे ओळखावी लागतात. प्रभू तिथे पोरोबो होतो, कामत कामोतिम होतो, शेणै सिनाय होतो. पोर्तुगीजात ‘श’चा उच्चार ‘एक्स’ या अक्षराने लिहितात, हे माहीत नसलेला माणूस शेटच्या नोंदीवरून पान उलटून पुढे जाईल. गोव्याचे पुराभिलेखागार 1595 पासूनचे, त्याचा पहिला रक्षक इतिहासकार दियोगो दो कोउतो. त्याही आधी, 1526 च्या फोरालने गावकरी संस्थांचे हक्क लिहून काढले होते. गावकरीतला वाटा पुरुषवंशाने चालतो, त्यामुळे कोण कोणाचा मुलगा हे लिहून ठेवणे गावाच्याच हिताचे होते.

उल्हास नदीच्या आणि खाडीच्या अलीकडे यातले काहीच नव्हते. सिद्धगडचा मुलूख निजामशाही, आदिलशाही, मराठे आणि मग कंपनी सरकार अशा हातांतून गेला. या राजवटींना रयतेकडून वसूल हवा होता. तिच्या आत्म्याची वही ठेवण्याचे त्यांना कारण नव्हते. म्हणून आमच्या घराण्याचा शोध वसुलीच्या कागदांतून घ्यावा लागतो. तिथे माणूस दिसतो तो देणेकरी म्हणून.

कोतवालाचे पुस्तक

या मुलुखात वंशावळ शोधणाऱ्याला पहिला आधार मिळतो तो गाव नमुना नंबर 14 चा. लोक त्याला कोतवालाचे पुस्तक म्हणतात. गावात कोण जन्मले आणि कोण मेले, याची ही नोंदवही तालुक्याच्या अभिलेख कक्षात कापडात बांधलेली सापडते. जुनी पाने मोडीत, नंतरची बाळबोधीत. रकाने मोजके: तारीख, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी, मृत्यू असेल तर वय आणि कारण. कारणांच्या रकान्यात ‘ताप’ हा शब्द इतक्या वेळा येतो की त्याखाली हिवतापापासून 1918 च्या इन्फ्लुएंझापर्यंत सगळे दडलेले असते. पटकी, देवी आणि प्लेग यांना मात्र स्वतःचा मान आहे.

जन्माच्या नोंदीत मुलाचे नाव बहुधा नसतेच. बारसे व्हायच्या आत वर्दी दिली जाई आणि नंतर कुणी नाव लिहायला परत जात नसे. बापाचे नाव ‘अमका बिन तमका’ असे. ‘बिन’ म्हणजे मुलगा, अरबीतून दप्तरात आलेला शब्द. बाईची नोंद यायची ती मरताना किंवा दस्त करताना, आणि तेव्हा ती ‘अमकी कोम तमका’ असे. ‘कोम’ म्हणजे बायको. या दोन शब्दांत सगळे आले. ‘बिन’ मागे नेतो: मुलाकडून बापाकडे, बापाकडून आज्याकडे. ‘कोम’ बाजूला नेतो आणि तिथेच थांबतो. बाई कोणाची मुलगी, कुठल्या गावची, हे सांगणारा रकाना त्या पुस्तकात नाही. स्पॅनिश वहीत आईच्या आईचे नाव येते, आणि इथे खुद्द आईचे येत नाही. एवढ्या एका फरकाने आमच्या वंशावळीचा अर्धा भाग अंधारात गेला.

त्या काळी नोंद करणे कायद्याने सर्वांना सक्तीचेही नव्हते. 1886 चा जन्म-मृत्यू-विवाह नोंदणीचा कायदा ऐच्छिक होता. साऱ्या देशाला लागू असलेली सक्ती आली ती 1969 च्या कायद्याने. डोंगरावरच्या पाड्यातून वर्दी द्यायला खाली कोण येणार? त्यामुळे त्या काळच्या पुस्तकात सखल गावांतले कुणबी जितके सापडतात तितके माचीवरचे कोळी-ठाकूर सापडत नाहीत, आणि आज इथे उद्या तिथे कोळशाच्या भट्टीवर राबणारा कातकरी तर जवळजवळ नाहीच.

दुसरा आधार शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टराचा. तिथे नाव, बापाचे नाव, जात आणि जन्मतारीख मिळते. फक्त जन्मतारखेवर भरवसा ठेवू नये. आमच्या पिढीपर्यंत निम्म्या गावाचा जन्म 1 जूनचा आहे. जूनमध्ये शाळा उघडे, गुरुजी पोराकडे बघून वय ठरवीत आणि वर्ष मागे मोजून 1 जून लिहून टाकीत. तिसरा आधार नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या नामावळीचा. उपाध्यायांनी गावे आणि घराणी वाटून घेतलेली. यजमान क्षौर-श्राद्धाला आला की त्याच्या तोंडून बाप, आजा, पणजा, भाऊ, मुलगे असे उतरवून घ्यायचे. इथे बायकांची नावे क्वचित येतात, कारण श्राद्धात मातृत्रयीचाही उच्चार करावा लागतो. धर्मकृत्याने जेवढी जागा दिली तेवढीही दप्तराने दिली नाही. पण नाशिकला जायला पैसा लागे, आणि तो सगळ्यांकडे नव्हता.

जमिनीने दिलेली नावे

जमिनीचा कागद सर्वांत बोलका असतो, पण तो जमीन असलेल्याचा. मुरबाड-शहापूर भागात कसणारा पुष्कळदा कूळ असे आणि खातेदार सावकार असे, तोही अनेकदा दुसऱ्या गावात राहणारा. खातेदाराच्या पिढ्या फेरफाराच्या वहीत सरळ रांगेत उतरत आणि कुळाच्या पिढ्या त्याच शेतात कागदाविना मरत. हे चित्र बदलले कूळकायद्याने. 1948 चा कायदा आणि त्यानंतर 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन. त्या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. कलम 32-ग खाली खरेदीची किंमत ठरवण्याच्या चौकशा झाल्या आणि त्या चौकशीत कुळाला विचारले गेले: तू कोण, केव्हापासून कसतोस, तुझ्या आधी कोण कसत होते? मुरबाडच्या शेतकऱ्याला सरकारने त्याचा आजा कोण हे बहुधा पहिल्यांदाच विचारले असेल. माझ्या पणजोबांच्या वडिलांचे नाव मला अशाच एका जबाबात मिळाले.

याच सुमारास, 1956 मध्ये, हिंदू उत्तराधिकार कायदा आला. पणजोबा 1958 साली वारले. त्यांच्या वारसांच्या फेरफारात पहिल्यांदा आमच्या घरातल्या स्त्रिया ओळीने दिसतात: विधवा, आणि मुलग्यांबरोबर दोन मुली. पणजीला घरात सगळे म्हातारी म्हणत. तिचे नाव मी पहिल्यांदा त्या फेरफारात वाचले. पुढचा फेरफार मात्र त्यानंतर लगेचच पडलेला आहे. दोन्ही मुलींनी भावांच्या लाभात हक्क सोडल्याचा. खाली दोन अंगठे. कायद्याने ज्या नोंदीत त्यांना आणले, तिच्यातून त्या पुढल्याच पानावर बाहेर पडल्या. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तलाठ्याची वही उघडा, हा जोडफेरफार सापडेल. या दोघींचे वंशज आज कुठे आहेत, हे आमच्या घरात कुणाला सांगता येत नाही. आमच्या वंशावळीतली एकमेव पूर्ण स्त्रीपिढी ती हीच, आणि ती आमच्या हाती लागली ती तिचा हक्क सुटताना.

रागावलेले सरकार लिहिते

सामान्य माणसाला सविस्तर लिहून ठेवण्याचे आणखी एक कारण सरकारला असते, ते म्हणजे तो बंड करतो तेव्हा. सिद्धगडाचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते 2 जानेवारी 1943 मुळे. माथेरानचे वकील भाई विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडून सरकारला जेरीस आणले होते. या जंगलात त्यांचा तळ असताना पोलिस अधिकारी हॉल याच्या तुकडीने त्यांना गाठले. कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी गोमाजी पाटील या दिवशी धारातीर्थी पडले. दोघांची नावे स्मारकावर आहेत आणि दर वर्षी त्या दिवशी लोक तिथे जमतात.

पण दस्ता जंगलात राहिला तो कोणाच्या भाकरीवर? वाट कोणी दाखवली, निरोप कोणी नेले? पाड्यांवर याच्या आठवणी सांगितल्या जातात, पण कागद त्याचाच, ज्याला पकडले. 1972 मध्ये केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू केले. त्यात भूमिगताला पुरावा मागितला जाई तो फरारी म्हणून निघालेल्या हुकमाचा, वॉरंटचा किंवा बक्षिसाच्या जाहिरातीचा. म्हणजे इंग्रज सरकारने ज्याच्यावर राग धरला, त्याचीच देशसेवा शाबीत होऊ शके. रात्री भाकरी पोचवणाऱ्या बाईवर कोणी बक्षीस लावले नव्हते.

आज्याचा कागद

वंशावळ हा पूर्वी हौसेचा विषय होता. आता तो गरजेचा आहे, आणि हे आपल्याकडेच घडते आहे असेही नाही. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येते, म्हणून तिथली तरुण मुले आजोबांचा पोर्तुगीज जन्मदाखला शोधतात. स्पेनने 2022 च्या कायद्याने स्पॅनिश आजा-आजीच्या नातवंडांना ठरावीक मुदतीसाठी दार उघडले आणि लॅटिन अमेरिकेतली माणसे पॅरिशच्या वह्या शोधत निघाली. तिथे आज्याच्या कागदाने पारपत्र मिळते, इथे जातीचा दाखला मिळतो.

या ठिकाणी एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. इंग्रजीत जातीसाठी जो शब्द आहे, त्याचे मूळ पोर्तुगीज ‘कास्ता’मध्ये आहे. हिंदुस्थानात आलेल्या पोर्तुगीजांनी इथल्या जातींना तो लावला आणि मेक्सिकोत स्पॅनिशांनी तोच शब्द मिश्र रक्ताच्या लोकांना लावला. मेक्सिकोतल्या अनेक पॅरिशमध्ये स्पॅनिशांची बाप्तिस्म्याची वही वेगळी, कास्तांची वेगळी, मूलनिवासी इंडियनांची वेगळी अशी व्यवस्था होती. स्वातंत्र्यानंतर, 1822 मध्ये, नोंदीत माणसाच्या वंशाचा उल्लेख करायचा नाही असे तिथे फर्मान निघाले. वंशशोधकाची वाट त्यामुळे अवघड झाली. माणसाची जरा सोपी झाली असावी.

आपण मात्र उलट्या दिशेने चाललो आहोत, आणि त्याला आपली कारणे आहेत. ज्या रकान्याने माणसाला खाली ठेवले, त्याच रकान्याच्या आधाराने त्याला वर यायचे आहे. महाराष्ट्रात जातीचा दावा शाबीत करताना अनुसूचित जमातीला 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो. 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या निमित्ताने राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. कोतवालाची पुस्तके, प्रवेश-निर्गम रजिस्टरे, तुरुंगाचे आणि पोलिसांचे कागद उघडले गेले आणि मोडी वाचणाऱ्याला कधी नव्हे ती मागणी आली. आम्हा ठाणे जिल्ह्यातल्या कुणब्यांना आपली नोंद शोधायला फारसे लांब जावे लागत नाही. ती पानोपानी आहे. खरी ओढाताण आमच्या शेजाऱ्यांची. ज्या ठाकराचा बाप 1950 पूर्वी शाळेत गेला नाही, ज्याच्या नावावर जमीन नव्हती आणि ज्याच्या जन्माची वर्दी कुणी दिली नाही, त्याच्या नातवाने तारखेआधीचा कागद आणायचा कुठून? जो जितका वंचित तितका त्याचा पुरावा दुबळा. ही अट घालणाऱ्यांनी एकदा त्या अभिलेख कक्षात बसून पाने उलटून पाहायला हवीत.

जंगलाच्या बाबतीत हाच प्रश्न आणखी टोकदार होतो. सिद्धगडचा परिसर 1985 पासून भीमाशंकर अभयारण्यात येतो. 2006 च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. बिगर-आदिवासी वननिवासींना मात्र त्या तारखेआधीच्या तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे. एकाच ओढ्याचे पाणी पिणाऱ्या ठाकराला आणि कुणब्याला वेगळा हिशेब लागतो, आणि कुणब्याच्या हिशेबाला पणजोबा लागतो.

पण याच कायद्याच्या 2008 च्या नियमांत मला या सगळ्या शोधातली सर्वांत शहाणी ओळ सापडली. पुराव्यांच्या यादीत सरकारी कागदांबरोबर जुन्या विहिरी, दफनभूमी आणि देवस्थाने आहेत. जुन्या नोंदीतल्या माणसापर्यंत पोचणारी वंशावळ आहे. आणि दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले कथनही आहे. न लिहिलेल्या माणसांच्या बाजूने कायद्याने उचललेले हे पाऊल साधे नाही. देवकाची आठवण, देव्हाऱ्यातला वीराचा टाक, कोणाची सोयरीक कुठल्या गावात झाली याचा तोंडी हिशेब, या सगळ्याला त्याने साक्षीचा दर्जा दिला.

महाराष्ट्र शासनाने 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात बापाच्या नावाआधी आईचे नाव लिहिणे बंधनकारक केले आहे. स्पॅनिश वह्यांत जे शतकानुशतके होते, ते आपल्या नोंदीत आता येते आहे. पुढच्या शोधकाला ‘कोम’पाशी अडावे लागणार नाही. मागचे भरून काढायचे काम मात्र आपल्यालाच करावे लागेल, आणि त्याला थोडीच वर्षे उरली आहेत. कोतवालाच्या पुस्तकांची पाने कडांनी झडत आहेत. त्याहून वेगाने झडतात त्या आठवणी. पुरुषांना विचारले तर ते बाप-आजा सांगतात. म्हाताऱ्या बायकांना विचारावे. आपली आई कुठल्या गावची, तिची आई कुठल्या गावची, सासू कोणत्या घाटाने लग्नाची वरात घेऊन आली, हे त्यांना न अडखळता सांगता येते. मी आता वहीचे डावे पान त्यांच्यासाठी ठेवतो. माझ्या वहीत त्या पानावर आजवर चौदा नावे झाली आहेत. त्यांतली अकरा कुठल्याही सरकारी कागदात नाहीत.